चाक दिले, आव्याचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पारंपरिक कारागिरांसाठीची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या अठरा व्यवसायांत कुंभारकामही आले. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, ४० तासांचे. दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, शिवाय अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचे साहाय्य. त्याआधी २०१८ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने विजेवरची चाके वाटायला सुरुवात केली होतीच. चाकाबद्दल आमची तक्रार नाही. काठीने जड चाक घुमवून ज्याचे खांदे गेले, त्याला विजेचे चाक म्हणजे सुटकाच. अडचण वेगळी आहे. कोकणातल्या दमट हवेत बऱ्या जाडीचे मडके वाळायला आठ-दहा दिवस लागतात आणि वर्ग त्याआधीच उठतो. शिकणाऱ्याला स्वतःच्या हातचे भांडे आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, भाजून निघालेले दिसतच नाही. कुंभारकामातल्या निम्म्या चुका तर भाजल्यावरच कळतात.

सुरुवात मातीपासून. वर्गात बहुधा पिशवीतली तयार माती येते. घरी गेल्यावर पुढ्यात असते मळ्यातली, नाहीतर खाडीकाठची. ती पारखायला यंत्र लागत नाही. करंगळीएवढी वळी करून अंगठ्याभोवती वळवावी. भेगा पडल्या तर माती रेताड. हाताला चिकटत असेल तर फार चिकण. तिच्यात दहा भागांना एक-दीड भाग चाळलेली बारीक वाळू घालावी, पण नदीची, पुळणीवरची म्हणजे समुद्रकाठची नव्हे. मग त्याच मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून पट्टी वाळवावी, भाजावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ९ च्या आसपास भरली तर ठीक. साडेआठच्या खाली गेली तर ती माती एकटी वापरू नये, भांडे तडकणार.

पुळणीची वाळू नको म्हणतो ते शिंपल्यांमुळे. खाडीच्या मातीतही तोच धोका. शिंपल्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा आव्यात भाजून कळीचा चुना होतो. भांडे बाहेर काढताना नितळ असते. मग तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चार-आठ दिवसांनी भांड्याच्या अंगावरून नखाएवढा टवका उडतो. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. गिऱ्हाईक म्हणते भाजणी कच्ची. भाजणीचा काही दोष नसतो, चाळणीचा असतो. अशी माती पाण्यात कालवून ६० नंबरच्या (इंचाला साठ छिद्रांच्या) जाळीतून गाळावी. वरचे निवळ दोन-तीनदा ओतून टाकले की खारटपणाही उतरतो, नाहीतर भांड्याला भिंतीसारखा पांढरा लोणा येतो. भिजवण्याआधी ढेकळे उन्हात खडखडीत वाळवावीत. सुके ढेकूळ पाण्यात पडले की बघता बघता सुटते, ओलसर ढेकूळ मात्र आठवडाभर गाभ्यात तसेच राहते. गाळलेला चिखल जांभ्याच्या चिऱ्यांवर जुने धोतर पसरून ओतला की चिरा पाणी ओढून घेतो. धोतर नसेल तर चिऱ्याची लाल कच मातीत उतरते.

वळण्याबद्दल फार लिहीत नाही, वर्गात तेच शिकवतात. एक मात्र सांगायला हवे. चाकावर तयार होते ते सपाट बुडाचे. गोल बुडाचे मडके अर्धवट सुकल्यावर आतून गोळा धरून, बाहेरून लाकडी थापीने ठोकून वाढवावे लागते. ते ४० तासांत बसत नाही. म्हणून बहुतेकांची मजल पणती, पेला आणि कुंडीपर्यंतच.

वाळवण हा खरा कोकणातला धडा. काठ आधी सुकतो, बूड मागे राहते, आणि बुडाला वळणदार चीर पडते. वळतानाच बूड आतून बोटांनी नीट दाबून घेतले नसेल तर ती हमखास पडते. पहिले दोन दिवस काठावर ओले फडके ठेवावे, मग भांडे उपडे करावे. लादीवर नको, पट्ट्यांच्या फळीवर, खालून वारा खेळेल असे ठेवावे. वाळले की नाही हे गालाला लावून बघतात. गार लागले तर आत पाणी आहे. आषाढ-श्रावणात ते गारच लागत राहते.

अशी ओल राहिलेली भांडी आव्यात फुटतात. फुटण्याचे खापर मातीतल्या हवेच्या बुडबुड्यांवर फोडायची पद्धत आहे. मळणी चांगली हवीच, पण भांडे फोडते ती वाफ. पहिले चार तास नुसता शेक द्यावा, ज्वाळ नको. वरच्या भोकावर काचेचा तुकडा धरावा. काच धुरकट होत असेल तर पाणी अजून निघते आहे, थांबावे. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि निवताना तिथेच आकसते, तेव्हा चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा घाई नडते. सुरुवातीला नारळाची सोडणे आणि झावळ्या जाळाव्यात. करवंट्या शेवटासाठी राखाव्यात, त्यांची आच तिखट. आत गडद लाल दिसले म्हणजे सातशेच्या आसपास. नारिंगी दिसले की नऊशे, तिथे थोडा वेळ धरून सरपण थांबवावे. दुसऱ्या दिवसापर्यंत आवा उघडू नये.

शाळांत वर्षातले दहा दिवस दप्तराविना हातकाम शिकण्याचे असतात, त्यांतही आता चाक मागवले जाते. एका चाकामागे तीस मुले म्हणजे रांगेत उभे राहण्याचे शिक्षण. त्यांना अंगठ्याने दाबून वाटी करू द्या, जाडी एक सेंटिमीटरच्या आत. आणि वर्ग झाला की जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. त्या धुळीत सिलिका असते.

जिल्हा पातळीवर वर्ग ठरवणाऱ्यांना विनंती एवढीच. हे वर्ग दिवाळी ते शिमगा या काळात घ्यावेत आणि दोन टप्प्यांत घ्यावेत. आधी चार दिवस माती आणि घडण, मग पंधरा दिवसांची सुट्टी, आणि शेवटी दोन दिवस आवा रचणे, भाजणे, उघडणे. तास तेवढेच राहतात. अवजारांच्या पैशांतून ज्याच्याकडे चाक आहे त्याला भट्टीच्या विटा आणि तापमापक घेता यावा.

आपले,
कुंभारकाम करणारे व शिकवणारे काही जण,
जि. रत्नागिरी