अलेक्झांडर यांची राज्यपालपदाची कारकीर्द

महोदय,

राज्यपालपदाच्या अधिकारांवर वाद सुरू झाला की मला डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांची आठवण होते. मूळचे केरळचे, भारतीय प्रशासकीय सेवेतून आलेले आणि इंदिरा गांधींचे प्रधान सचिव राहिलेले हे गृहस्थ १९९३च्या जानेवारीत, मुंबई दंगलीत होरपळत असताना, महाराष्ट्रात आले आणि २००२पर्यंत, म्हणजे तब्बल साडेनऊ वर्षे, राजभवनात राहिले. या काळात त्यांनी शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे आणि विलासराव देशमुख अशा चार मुख्यमंत्र्यांना शपथ दिली. त्यांतला मनोहर जोशींच्या शपथविधीचा १४ मार्च १९९५चा सोहळा तर शिवाजी पार्कच्या खुल्या मैदानात, अफाट गर्दीसमोर झाला. काँग्रेसच्या वर्तुळातून आलेल्या राज्यपालांनी शिवसेना-भाजप युतीच्या सरकारशीही सलोख्याने काम केले, याचे मला आजही मोल वाटते.

मात्र त्यांच्या काळातील सर्वांत महत्त्वाची घटना मी वेगळीच मानतो. १९९४मध्ये घटनेच्या कलम ३७१(२)नुसार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि विकासनिधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. अनुशेषाच्या, म्हणजे मागास भागांच्या राहून गेलेल्या विकासाच्या, चर्चेत हा धागा हल्ली कोणी उचलत नाही, याची खंत वाटते.

– एक वाचक