राष्ट्रगीत वाजवता कशाला? गा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘जन गण मन’ ब्रिटिश बादशहा पंचम जॉर्जसाठी लिहिले, हे जुने तुणतुणे कालच्या लेखात पुन्हा वाचून वाईट वाटले. हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायले गेले. बादशहाच्या स्तुतीचे हिंदी गीत त्याच दिवशी झालेले वेगळे. इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. गीतातला युगानुयुगे रथ हाकणारा तो सारथी कोणी जॉर्ज असूच शकत नाही, हे खुद्द टागोरांनी १९३७ साली पत्रात स्पष्ट केले आहे. पंचम जॉर्जसाठी जे उभारले ते ‘गेटवे ऑफ इंडिया’ आपल्या अपोलो बंदरावर आहे, तिथे जाऊन पाहावे.

राग यायचाच तर दुसऱ्या गोष्टीचा यावा. यंदा २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडा फडकला आणि सेक्रेटरींनी मोबाइल स्पीकरला जोडला. आधी साबणाची जाहिरात लागली. आम्ही सगळे सावधान उभे! मग राष्ट्रगीत सुरू झाले, तेही ताना-मुरक्यांचे, मध्येच बासरी, ‘जय हे’वर आलाप. गृह मंत्रालयाने ठरवून दिलेला वेळ सुमारे ५२ सेकंद; हे अडीच मिनिटे चालले. शंभरेक माणसे ओठ मिटून उभी. मला राहवेना, मी गाऊ लागले. शेजारची तिसरीतली मुलगीही गाऊ लागली, तर सेक्रेटरींनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केले. नंतर म्हणाले, “मॅडम, ट्रॅक चालू होता ना.”

३१ वर्षे मी शाळेत गाणे शिकवले. पेटी बिघडलेली असे, तबला तर नव्हताच. सुरुवात चढ्या सुरात झाली की ‘जय हे’ला मुलांचे गळे ओरडू लागतात, म्हणून पहिला सूर मी स्वतः लावून द्यायचे. एवढी तयारी पुरे. बेसूर गायले तरी चालेल, पण माणसांनी गायला हवे. त्या मुलीला मी काय सांगू?

आणि तुमच्या चौकटीत राष्ट्रगीताचे शब्द देताना ‘उज्ज्वल जलधितरंग’ छापले आहे. शब्द ‘उच्छल’ आहे, म्हणजे उसळणारा. भरतीच्या वेळी वरळीच्या कठड्यावर उभे राहिले की अर्थ सांगावा लागत नाही. कृपया दुरुस्ती छापा. मुले अशा चौकटी कापून वहीत चिकटवतात.

– एक निवृत्त गायनशिक्षिका, लालबाग, मुंबई