छातीत दुखत नाही म्हणजे सारे ठीक नव्हे

महोदय,

माझ्या वडिलांना मधुमेह होता. छातीत कळ कधीच आली नाही. दोन जिने चढले की कठडा धरून थांबायचे, एवढेच. आम्ही ते वयावर ढकलले. मधुमेहात मज्जातंतू बधिर झाले की हृदयाला रक्त कमी पडूनही दुखत नाही, हे उशिरा कळले. शेवटी थॅलियम चाचणी झाली. तीत किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेत टोचून, श्रमात आणि विश्रांतीत हृदयाच्या स्नायूला रक्त कुठे किती पोहोचते याची चित्रे काढतात (नाव थॅलियमचे, पण हल्ली बहुधा टेक्नेशियम हे द्रव्य वापरतात). श्रमाच्या चित्रात एक भाग फिका, विश्रांतीच्या चित्रात तोच भरून आलेला. म्हणजे स्नायू जिवंत, पण श्रमात रक्त अपुरे.

तरी प्रत्येक मधुमेहीने ही चाचणी करावी, असे मी म्हणणार नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायड’ अभ्यासात लक्षणे नसलेले ११२३ मधुमेही होते. चाचणी झालेल्यांपैकी २२ टक्क्यांत दोष दिसला. पण जवळपास पाच वर्षांत, चाचणी न झालेल्यांच्या तुलनेत हृदयविकाराचे झटके वा मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. सरसकट तपासणीची पॅकेजे विकणाऱ्यांनी हे सांगायला हवे. मात्र धाप, अकारण थकवा किंवा ईसीजीत बदल असेल, तर ‘दुखत नाही ना?’ एवढे विचारून मधुमेहीला घरी पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक