रोपे मोजू नका, सावली मोजा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उन्हाळा असह्य झाला की शहरोशहरी वृक्षारोपणाचे संकल्प सोडले जातात आणि किती हजार रोपे लावली, या एकाच आकड्यावर त्यांचे यश ठरते. गारवा मात्र पानांच्या पसाऱ्यातून मिळतो, आणि तो पसारा कोणत्या जातीचा, कोणत्या जागी व किती मोठा होणार, याचा विचार या संकल्पांत क्वचितच दिसतो, म्हणून हे पत्र.

भर दुपारी उन्हातला डांबरी रस्ता ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो आणि दिवसभर साठवलेली ती उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. सावली ही साठवण मुळातच रोखते. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाचे कामही मोठे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणजे दिवसाला शंभर लिटर पाणी हवेत सोडणारा वृक्ष सत्तर युनिटांच्या आसपास उष्णता शोषून घेतो. मात्र मुळांशी ओल नसेल तर पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात आणि ऐन उष्णतेच्या लाटेतच हा गारवा थांबतो. त्यामुळे कोरडा काळ सोसणारी, खोल मुळांची स्थानिक झाडे निवडणे आणि पहिली काही वर्षे त्यांना पाणी देणे, ही दोन्ही कामे एकत्रच व्हायला हवीत.

शोभेसाठी लावलेल्या पामची सावली पादचाऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. निलगिरीसारखी झाडे आयसोप्रीन वायू सोडतात आणि वाहनांच्या धुराशी कडक उन्हात त्याची अभिक्रिया होऊन जमिनीलगत श्वसनाला अपायकारक ओझोन तयार होतो. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या तर धूर आणि रात्रीची उष्णता खालीच कोंडते, तेथे मोजकी, अंतर राखून लावलेली झाडे बरी. रुंद रस्त्यावर मात्र विस्तीर्ण माथ्याचे वृक्षच हवेत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील ९३ शहरे तपासली होती. त्यांतील वृक्षाच्छादन, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन, सरासरी १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले, तर शहरी उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक टळू शकतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. येथे मोजले आहे ते आच्छादन, आणि जुने झाड तोडून त्याबदल्यात दहा रोपे लावण्याचा हिशेब कोलमडतो तो येथेच. दहा मीटर रुंद माथ्याचा वृक्ष साधारण ७८ चौरस मीटर जागा झाकतो. एक मीटर माथ्याची शंभर रोपे लावली आणि ती सगळी जगली, तरच तेवढी सावली पडेल.

पदपथावरच्या असंख्य झाडांच्या बुंध्याला सिमेंट थेट सालीपर्यंत भिडलेले असते. खोड जाड होत जाते तसे हे सिमेंट सालीत रुतते. पावसाचे पाणी त्यावरून वाहून गटारात जाते आणि खालची मुळे भर पावसाळ्यातही तहानलेली राहतात. अशा झाडाकडून गारव्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

नगर प्रशासनांनी दरवर्षी रोपांच्या संख्येऐवजी वृक्षाच्छादनाचे क्षेत्र आणि तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी जगलेल्या झाडांचा आकडा प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे. बुंध्याभोवतीची मीटरभर माती मोकळी करण्याचे काम तर येत्या पावसाआधीच हाती घेता येईल.

आपला,
एक वाचक