तारांतासियोला मारलं कोणी?

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू डासांचं रडगाणं गात होतीस तेव्हाच हे सांगणार होतो, पण तुझ्या आईने फोन काढून घेतला आणि मग भाजणी, लोणचं, जाडी वाढली का कमी झाली यातच वेळ गेला, म्हणून लिहायलाच बसलो. तुझ्या इटलीतल्या लोदीतले डास साधेसुधे नाहीत गं, त्यांच्या खानदानात एक ड्रॅगन होऊन गेलाय. थट्टा नाही करत. तारांतासियो त्याचं नाव, आणि तू ज्या भागात राहतेस, म्हणजे लोदी, क्रेमा, क्रेमोना, तिकडे वर बेर्गामोपर्यंत, तिथे जुन्या काळी जेरुंदो नावाचं अफाट सरोवर होतं म्हणतात, त्यात हा राहायचा. होड्या उलथवायचा, काठावर खेळणारी पोरं गिळायचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा श्वास, तो जिकडे जाईल तिकडे माणसं तापाने फणफणून पिवळी पडायची आणि मरायची. आपल्याकडे कालियाच्या फुत्काराने यमुनेचा डोह विषारी झाला तसलंच.

आता मी पडलो पाटबंधारे खात्यातला माणूस, त्यामुळे मला ड्रॅगनच्या आधी सरोवर दिसतं. तुझी तिकडे पशुवैद्यकीला अ‍ॅडमिशन झाल्यापासून नकाशे उघडून बसतो रोज, रिटायर माणसाला दुसरं काय काम. तर माझं स्पष्ट मत असं की हे एकसंध सरोवर कधीच नसणार, अभ्यास करणारेही साधारण तेच म्हणतात. अद्दा, सेरियो आणि ओल्यो या तीन नद्या आल्प्सवरून खाली आल्या की सपाटीवर पसरायच्या, पात्रं बदलायच्या, मागे डबकी, दलदल, वेताची जंगलं सोडून जायच्या. मधेमधे उंचवटे, क्रेमाचा उंचवटा तर जुन्या कागदपत्रांत चक्क बेट म्हणून आहे, इन्सुला फुल्केरिया. पावसाळी वर्षात हे सगळं पाणी एक होत असेल तेव्हा बघणाऱ्याला समुद्रच वाटत असणार, मी वाळवा मिरजेकडचे पूर बघितलेत, उसाचे शेंडे तेवढे वर, बाकी पाणीच पाणी, तेव्हा मला हे कुणी पटवून द्यायला नको.

आणि दलदल म्हटली की पुढचं सगळं आपोआप येतं. खाली कुजलेला पालापाचोळा, त्यातून मिथेन वायू, पाण्यावर बुडबुडे, घाण वास, संध्याकाळी धुकं. तिकडचं धुकं तर तू अनुभवलंच असशील, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत म्हणालीस ना. अशा जागी रात्री होडीत एकट्या बसलेल्या कोळ्याला खालून बुडबुडबुड आवाज आला तर तो काय म्हणेल, मिथेन म्हणेल का. आणि ताप म्हणजे मलेरिया, दुसरं काय. सगळ्या युरोपात तेव्हा हाच समज की दलदलीच्या खराब हवेने ताप येतो, मग खराब हवा म्हणजे कुणाचा तरी श्वास, एवढीच उडी मारायची होती लोकांना. मला तर हे फार हुशारीचं वाटतं, जागा बरोबर ओळखली, आजार बरोबर ओळखला, फक्त आरोपी चुकला.

आता माझा खरा मुद्दा. याला मारलं कोणी? एक म्हणतो संत ख्रिस्तोफरने, दुसरा म्हणतो सम्राट फ्रेडरिक बार्बारोस्साने (त्यानेच 1158 मध्ये तुझं हे सध्याचं लोदी वसवलं, आधीचं मिलानवाल्यांनी 1111 मध्ये जाळून पाडून टाकलं होतं), आणि तिसरा म्हणतो मिलानवर राज्य केलेल्या विस्कोन्ती घराण्याच्या मूळपुरुषाने, म्हणून तर त्यांच्या चिन्हावर माणूस गिळणारा साप आहे. तो साप तू रोज बघतेस, अल्फा रोमिओच्या गाडीवर पुढे असतो तोच. म्हणजे बघ, श्रेय घ्यायला संत आले, सम्राट आला, सरदार आला. आणि ज्यांनी चर खणले ते कुठायत? बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथांच्या मठातल्या साधूंनी आणि त्यांच्या हाताखालच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या दलदलीतून चर काढून पाण्याचा निचरा केला, लोदीकरांनी 1220 च्या सुमारास अद्दा नदीवरून मुत्सा नावाचा कालवा काढायला घेतला जो आजही चालू आहे, शंभरावर क्युमेक्स (सेकंदाला तेवढे घनमीटर) पाणी घेतो बाई तो, म्हणजे साडेतीन हजार क्युसेक्सच्या वर! आठशे वर्षांपूर्वी, फावड्याने. त्याचं हेड, म्हणजे नदीतून पाणी आत घेतात ती जागा, कसानो द'अद्दाला आहे, आणि त्याच गावाच्या हद्दीत तारांता म्हणून वाडी आहे, लोक म्हणतात नाव त्या ड्रॅगनचंच. खरं मारलं ते या लोकांनी. मी अर्धी नोकरी क्षारपड जमिनीत निचऱ्याचे चर काढण्यात घालवली, त्यामुळे मला जरा जास्तच लागतं हे, आई म्हणते तुमचा राग ड्रॅगनवर नाही खात्यावर आहे, असूदे.

श्रेयाचं निघालंच आहे तर अजून एक. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात पहिल्यांदा सापडला आपल्याकडे, सिकंदराबादला, 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला, आणि पुढच्याच वर्षी माणसाचा मलेरिया अ‍ॅनोफिलिस डासामार्फतच पसरतो हे ग्रास्सी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने इटलीत सिद्ध केलं, हा ग्रास्सी तुझ्या लोम्बार्दिया प्रांतातलाच, कोमो जिल्ह्यातला. 1902 चं नोबेल एकट्या रॉसला. दोघांचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. इटलीतून मलेरिया पूर्ण गेला असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं ते 1970 मध्ये, त्यामुळे तुला चावतायत ते नुसते चावतायत, काळजी करू नकोस, पण जाळी लाव खिडकीला.

त्या निचऱ्याचा फायदा तुझ्या गाईंना आजपर्यंत होतोय बरं का. त्या साधूंनी झऱ्यांचं पाणी, जे थंडीतही दहा-बारा डिग्रीच्या आसपास राहतं, ते उतारावरच्या गवतावर सतत पातळ वाहतं ठेवायची पद्धत बसवली, मार्चिता म्हणतात त्याला, मग बाहेर बर्फ असला तरी हिरवा चारा मिळायचा, दूध मिळायचं आणि त्याचं ते टणक चीज व्हायचं जे तू किसून वरणावर घालतेस आणि आईला चक्कर येते. आता मार्चिता फार थोड्या राहिल्यात, एखादी जवळपास असेल तर तुमच्या सरांना विचारून बघून ये.

आणि माझं एक काम कर. पित्सिगेत्तोने म्हणून गाव आहे अद्दाच्या काठी, तुझ्यापासून फार लांब नाही, तिथे सान बासियानोच्या चर्चमध्ये तारांतासियोची बरगडी ठेवलीये. बेर्गामोकडे सोम्ब्रेनोच्या चर्चमध्येही एक आहे, अल्मेन्नोला अजून एक. काहीजण म्हणतात व्हेलची, काही म्हणतात हिमयुगातल्या कुठल्यातरी जनावराची, आणि व्हेलचं पटण्यासारखंही आहे कारण पो नदीचं हे सगळं मैदान कधीकाळी समुद्राखाली होतं. आता घरात जनावरांची डॉक्टर असताना मी ऐकीव माहितीवर का राहायचं? मणक्याला जोडली जाते त्या टोकाचा फोटो जवळून काढ, शेजारी स्केल किंवा पेन धर म्हणजे साइज कळेल, आणि हत्तीच्या कुळातली का व्हेलची ते तुझ्या अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकाशी ताडून सांग. चर्च दुपारी बंद असतं का ते आधी बघ, नाहीतर उगाच हेलपाटा.

भाजणीचं पार्सल सोमवारी टाकतोय. त्यात मच्छर अगरबत्ती पण घातलीये, आईला सांगू नकोस, ती म्हणते विमानात चालत नाही.

तुझा,
बाबा