काकू, बजेटचं पुस्तक उघडून दिल्याबद्दल

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही शिकवलंत ते आमच्या भिशीपुरतं राहू नये, नागपुरातल्या बाकीच्या वस्त्यांनाही कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे.

मार्च २०२२ मध्ये मनपाच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबतच गेली. नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, मग विचारायचं कोणाला, असं वस्तीत जो तो म्हणत होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माणसं नसली तरी पुस्तक निघतेच ना? ते वाचा." आणि पुढच्या भिशीला अर्थसंकल्पाची पानं छापून घेऊन आलात.

मनपाचा अर्थसंकल्प अलीकडे ५,००० कोटींच्या वर गेला आहे. एवढा आकडा ऐकला की आपला त्यात काय संबंध, असं वाटून माणूस पुस्तक मिटवतो. तुम्ही तो आकडा वाचूच दिला नाही. आधी जमेची बाजू उघडायला लावलीत. पूर्वी नाक्यावर जकात होती, एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. गेलेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार देते आणि शहराचा मोठा आधार आता तीच आहे, हे त्या दिवशी समजलं. मग मालमत्ता कर, पाणीपट्टी, नगररचनेचं शुल्क. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकलं जाते आणि त्याचे पैसे जमेत येतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा सगळ्याजणी सरसावून बसल्या. कर भरण्याच्या पावतीपलीकडे आपला मनपाशी काही व्यवहार आहे, असं तोवर आम्हाला वाटलंच नव्हतं.

मग खर्चाची बाजू. तुम्ही स्टीलची फूटपट्टी पावसाळी नाल्यांच्या ओळीखाली ठेवलीत आणि आकडे मोठ्यानं वाचायला लावलेत: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची मंजूर तरतूद, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमीत येतो तो शेवटचा आकडा. तुम्ही बोट ठेवलंत पहिल्यावर. मंजूर मोठा, सुधारित त्याहून कमी आणि प्रत्यक्ष त्याहूनही कमी, असं एखाद्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या एखाद्या ओळीत, वर्षानुवर्षं दिसलं तर नवी तरतूद कितीही वाढली तरी भुलायचं नाही. पैसे जमलेच नाहीत, की टेंडर निघालं नाही, की काम झालं पण बिल पुढच्या वर्षावर गेलं, हे विचारायचं. तीन वेगळे प्रश्न आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या टेबलावर. माझ्या मते तुमच्या सगळ्या शिकवणीत हेच सर्वांत मोलाचं आहे. नुसतं "काम का होत नाही" म्हटलं की समोरचा माणूस "बघतो" म्हणतो. शीर्ष, वर्ष आणि रक्कम सांगून विचारलं की तो फाईल काढतो.

वेळेचंही तसंच. आमच्या गल्लीच्या नालीसाठी आम्ही निवेदन द्यायचो ते जुलैत, अंगणात पाणी शिरलं की. "जुलैत मागून काय होते? ताटं वाढून झाल्यावर भाजी निवडायला बसता का?" असं तुम्ही विचारलंत. वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याआधी आयुक्तांचे अंदाज, स्थायी समिती, मग सभागृह, असा कायद्यानं ठरलेला रस्ता आहे आणि विभागांची आकडेमोड दिवाळीनंतरच सुरू झालेली असते. म्हणून मागणी तेव्हा द्यायची. पुण्यात २००६ पासून नागरिक अर्थसंकल्पासाठी क्षेत्रीय कार्यालयात कामं सुचवतात, त्या धर्तीवर तुम्ही आमचा अर्ज बसवून दिलात: कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, लांबी किती, पाणी कुठून येते आणि कुठल्या नाल्याला सोडायचं, उपयोग किती घरांना. विनंतीची वाक्यं तुम्ही काटून टाकलीत आणि नकाशा जोडायला लावलात. झोन कार्यालयाचा आवक शिक्का आमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हेही तुमचंच.

नाली पुढच्या वर्षीच्या कामांत आली. तेवढ्यावर तुम्ही आम्हाला थांबू दिलं नाहीत. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. जे पाहायला मिळालं नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज: जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आम्ही तीनच कागद मागितले: त्या कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर आणि एमबीची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची, पानं.

एमबी हातात आली त्या दिवशी तुम्ही टेप मागवलात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला समोरच्या वहिनी आणि तुम्ही खुर्चीवर बसून कागदावर टिक करत होता. लांबी जुळली, रुंदी जुळली, चेंबरही तितकेच निघाले. कनिष्ठ अभियंता उभे राहून पाहत होते. तुम्ही त्यांना जवळ बोलावून सांगितलंत, "काम बरोबर झालं आहे, आम्ही लिहून देतो." आणि तसं पत्र खरोखर दिलं. तक्रारीसाठी धावणारे पुष्कळ, पण काम नीट झालं हे मोजून लेखी कळवणारं कोणी मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्या कार्यालयात आमच्याशी बोलण्याची रीतच बदलली.

काकू, तुम्ही निवृत्त झालात, गुडघ्यानं त्रास दिला, तरी दर भिशीला चष्मा आणि फूटपट्टी घेऊन येत राहिलात. कोणी एकदा विचारलेलं पुन्हा विचारलं तरी चिडला नाहीत. ज्या बायका सभेत तोंड उघडत नसत, त्या आज झोनमध्ये उभ्या राहून सुधारित अंदाज विचारतात. तुमचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत.

ह्या महिन्यात भिशी माझ्याकडे आहे. मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालाची प्रत मिळवून ठेवली आहे. त्यातले आक्षेप कसे वाचायचे आणि त्यांची पूर्तता झाली की नाही हे कुठं पाहायचं, ते सांगायला या. जिना चढवत नसेल तर आम्हीच पानं घेऊन तुमच्याकडे येतो.

आपली,
भिशीतल्या सगळ्यांच्या वतीनं