ज्येष्ठा नक्षत्र पूजेला चालते, मग सुनेला का चालत नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भाद्रपद लागला की आपल्या वृत्तपत्रातल्या पंचांगाच्या चौकटीत 'आज महालक्ष्मी आवाहन, अनुराधा नक्षत्र अमुक वाजेपर्यंत' अशी एक ओळ छापून येते आणि ती ओळ कापून देवघराच्या दारावर चिकटवणाऱ्या घरांपैकी आमचे एक घर आहे. तक्रार त्या ओळीबद्दल नाही. त्या ओळीत वेळ असते, कारण मात्र नसते, आणि कारणाची ती रिकामी जागा गेली काही वर्षे मोबाइलवर फिरणारे निनावी संदेश भरून काढत आहेत. 'राशीनुसार महालक्ष्मीला कोणत्या रंगाची साडी नेसवावी' इथपासून 'वेळ टळल्यास वर्षभर आर्थिक अडचण' इथपर्यंत त्यांची मजल गेली आहे. माझ्या घरी हे संदेश माझ्या सुनेला येतात, आणि त्यांचे उत्तर शेवटी मला द्यावे लागते. भूगोल शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे उत्तर देताना आकाशात काय चालले आहे हे सांगण्यावाचून मला राहवत नाही.

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आम्हा नागपूरकरांच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी, सोबत त्यांची बाळे. महाल भागातल्या चितार ओळीतून कधीकाळी आणलेले मुखवटे वर्षभर कापसात आणि जुन्या धोतराच्या फडक्यात जपून ठेवायचे, कोठ्यांत गहू-तांदूळ भरायचे, त्यावर साड्या नेसवायच्या, डोक्यावर फुलोरा टांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, ज्वारीची आंबील असा स्वयंपाक करून सवाष्ण-ब्राह्मण जेवू घालायचे. सोळा भाज्या जमवण्यासाठी पहाटे कॉटन मार्केटला गेलेला मनुष्य पंधरा भाज्या आणि एक वाद घेऊन परततो, हा आमच्या घरचा तरी दरवर्षीचा अनुभव आहे. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावले काढलेली असतात. मुखवटे हातात घेऊन एकेका पावलावर थांबत घरात यायचे, मागून कोणी तरी ताटावर लाटणे वाजवायचे आणि आतल्या बाईने विचारायचे, 'महालक्ष्मी आली कशाच्या पावली?' त्यावर बाहेरचीने सांगायचे, 'सोन्याच्या पावली.' हा सगळा प्रकार आटोपायला आमच्याकडे दहा मिनिटे लागतात. या दहा मिनिटांसाठी घरातली माणसे आठवडाभर घड्याळ जुळवत असतात.

वेळेचे एवढे महत्त्व का, तर हा सण तिथीचा नाही, नक्षत्राचा आहे. गणेश चतुर्थी, विजयादशमी, लक्ष्मीपूजन हे सण तिथीने ठरतात, आणि तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर. महालक्ष्म्यांचा नियम वेगळा आहे: आवाहन अनुराधेवर, पूजन ज्येष्ठेवर, विसर्जन मुळावर. इथे सूर्याशी काही संबंध नाही, चंद्र कोणत्या तारकांच्या पट्ट्यात आहे एवढेच पाहायचे. एकेक नक्षत्र 13 अंश 20 कलांचे असते आणि ते ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो. त्याची गती सारखी नसल्यामुळे कधी 21 तासांत भागते, तर कधी 27 तासांच्या जवळ जाते. वेळा दरवर्षी अशा तिरपागड्या का येतात, याचे उत्तर एवढेच आहे. त्यात कोणाचा कोप नाही.

याच नियमामुळे गणपती आणि महालक्ष्म्या यांच्यातले दिवस कमीजास्त होतात, आणि त्यावरून दरवर्षी शेजारीपाजारी 'यंदा पंचांग चुकले की काय' अशी चर्चा रंगते. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि आवाहन दोनच दिवसांनी, 21 सप्टेंबरला होते. 2024 साली चतुर्थी 7 सप्टेंबरला आणि आवाहन 10 तारखेला, म्हणजे तीन दिवसांनी. 2025 साली गणपती 27 ऑगस्टलाच आले आणि महालक्ष्म्यांनी मात्र 31 ऑगस्टपर्यंत, चार दिवस वाट पाहायला लावली. गणपती जितके लवकर, तितक्या महालक्ष्म्या त्यांच्यापासून लांब. भाद्रपद लवकर आला की सूर्य अजून मागे असतो, म्हणून चतुर्थीचा चंद्रही मागे असतो आणि त्याला अनुराधेपर्यंत पोहोचायला जास्त चालावे लागते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे भाद्रपद उशिरा आला, सूर्य पुढे सरकलेला होता आणि चंद्राची वाट तेवढी कमी झाली होती. पंचांगाच्या चौकटीखाली एवढी चार वाक्ये छापली तर निम्म्या शंका दारातच थांबतील.

2023 च्या त्या आवाहनाची हकीकत सांगते, कारण या पत्राचे मूळ तिथे आहे. तो गुरुवार होता आणि अनुराधा दुपारी साडेतीनच्या सुमारास संपत होती. सुनेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, पण ऐन वेळी तिला कामावरून निघायला उशीर झाला, पावसाने रस्ते तुंबले आणि ती घरी पोहोचली तेव्हा पावणेचार झाले होते. वाटेत तिने मोबाइलवर आलेला संदेश वाचला होता: नक्षत्र संपल्यावर आणलेली लक्ष्मी ही लक्ष्मी नव्हे, तिची थोरली बहीण अलक्ष्मी. भिजलेल्या पदराने ती दारात उभी राहिली आणि मुखवट्यांना हात लावेना. माझ्या सासूबाई या घरात चाळीस वर्षे महालक्ष्म्या बसवत होत्या आणि त्यांच्या काळी भिंतीवर एकच घड्याळ होते, तेही दहा मिनिटे पुढे लावलेले. गुरुजींनी 'दुपारनंतर' म्हटले की दुपारनंतर आणि 'दिवे लागायच्या आत' म्हटले की दिवे लागायच्या आत, एवढीच त्यांची कालगणना होती. मी सुनेच्या हातात मुखवटा दिला आणि स्वतः ताट वाजवायला घेतले. वेळ पाळावी, हे मी मानते, पाळतेही. पण पंधरा मिनिटे चुकल्याबद्दल एका नोकरदार मुलीला देवीपुढे थरथर कापायला लावणे हा कोणत्याही शास्त्राचा हेतू असू शकत नाही.

मिनिटांचा हट्ट धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नक्षत्र संपण्याचा क्षण पंचांगकार नक्षत्रे मोजायला कोणता आरंभबिंदू मानतो यावर ठरतो. टिळक पंचांग आणि बाजारातली इतर पंचांगे यांच्या आरंभबिंदूंत सुमारे 4 अंशांचा फरक आहे आणि चंद्राच्या गतीने त्याचे काही तास होतात. टिळक पंचांग पाळणारी आणि न पाळणारी अशी दोन्ही घरे एका गल्लीत असतील, तर दोघांची अनुराधा वेगवेगळ्या वेळी संपते. म्हणून त्यांपैकी एका घरी लक्ष्मी येत नाही असे म्हणायचे का? 'खास नागपूरसाठी' म्हणून फिरणारी वेळही तशीच फसवी. आपला सूर्योदय मुंबईच्या आधी साधारण 25 मिनिटे होतो हे खरे, पण नक्षत्र संपण्याचा क्षण त्याच पंचांगात साऱ्या देशासाठी घड्याळावर एकच असतो.

असे प्रश्न या शहराला नवे नाहीत. केंद्र शासनाने 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते. ज्या शहराने कालगणनेचा असा अभ्यासक दिला, त्या शहरात महालक्ष्म्यांच्या वेळेची चर्चा निनावी संदेशांवर चालावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले ती सांगते. माझ्या भाचीचा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा आहे. गेल्या वर्षी तिला एक चांगले स्थळ आले, मुला-मुलीने एकमेकांना पसंत केले, छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले, आणि त्यानंतर मुलाच्या आईचा फोन आला की मुलगी लाखात एक आहे, पण ज्येष्ठेची आहे आणि आमच्याकडे मुलाला थोरला भाऊ आहे, तेव्हा क्षमा असावी. ज्येष्ठेवर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला वाईट आणि मुळावर जन्मलेली सासऱ्याला वाईट, ही समजूत आपल्याकडे अजून किती घट्ट आहे हे लग्नाची मुलगी घरात असल्याशिवाय कळत नाही. मुळाचे चौथे चरण, म्हणजे शेवटचा पाव भाग, शुभ मानावे असे जुने ग्रंथ सांगतात, पण बैठकीत चरण विचारायला कोणी थांबत नाही. 'मूळ' शब्द ऐकला की चहाचे कप उचलले जातात.

त्या बाईंच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन होते आणि दोघींमधल्या एकीचे नावच ज्येष्ठा आहे. तिला भरजरी साडी नेसवायची, तिची ओटी भरायची, सोळा भाज्यांचे ताट तिच्यापुढे ठेवायचे, मूळ नक्षत्रावर दहीभात देऊन 'पुढच्या वर्षी लवकर ये' म्हणून डोळे पुसत निरोप द्यायचा, आणि त्याच ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली हाडामांसाची मुलगी सून म्हणून दारात आली की उंबऱ्यावरूनच परत पाठवायची, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात? मी ज्योतिषाच्या विरोधात लिहीत नाही. आमच्या घरीही पत्रिका पाहतात. पण नक्षत्र पवित्र असेल तर दोन्हीकडे असावे.

माझी विनंती अशी. यंदा महालक्ष्म्यांच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ या तिन्ही नक्षत्रांच्या आरंभ-समाप्तीच्या वेळा एकत्र द्याव्यात, कोणत्या पंचांगाच्या आधाराने दिल्या ते लिहावे, आणि शेजारी वृश्चिकाचे एक छोटे चित्र छापावे. विंचवाच्या डोक्याशी अनुराधा, छातीत तांबडी ज्येष्ठा, शेपटीच्या वळणात मूळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला दिवे लागल्यावर हा विंचू नैर्ऋत्येकडे दिसतो, आणि आवाहनाच्या किंवा पूजनाच्या सायंकाळी अर्धा चंद्र त्या तांबड्या ताऱ्याच्या आसपास असतो. रमण विज्ञान केंद्रातल्या मंडळींनी त्या दिवशी मुलांना तो दाखवायची सोय केली तर फारच बरे. राशीनुसार साड्यांचे रंग सांगणारा मजकूर मात्र त्या पानावर कृपया नसावा.

गेल्या खेपेला ढगांनी थोडी उसंत दिली तेव्हा मी भाचीला गच्चीवर नेऊन ज्येष्ठा दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'मावशी, एवढ्या लांबून तो माझ्या दिराला काय करणार?' खाली आंबील उतू जात होती, म्हणून मला उत्तर न देताच उतरावे लागले.

आपली,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर